महाराजांचा फोन आणि वीजघर

निमगिरीच्या महाराजांनी हुकूम काढला. आठ दिवसांत राज्यातले सगळे जुने टेलिफोन बंद! तांब्याच्या तारा उपसून काढायच्या आणि घरोघर काचेच्या बारीक तारेची डिजिटल लाइन द्यायची. जुन्या तारेवर राहणार तो फक्त राजवाड्यातला काळा फोन.

हुकूम तसा चांगलाच होता. जुन्या लाइनीवर इतकी खरखर असे की माणसं एकेक वाक्य तीनदा ओरडत. नव्या लाइनीत आवाज अगदी स्वच्छ यायचा. गोम एवढीच होती की नवा फोन घरातल्या विजेवर चाले, आणि निमगिरीत लाइट दिवसातून चारदा जाई. जुन्या फोनला वीज एक्स्चेंजमधून तारेवाटेच मिळायची, त्यामुळे गावभर लाइट नसली तरी तो वाजत असे.

खांबावर चढून तारा जोडायचं काम सगुणाकडे होतं. तिने तीन दिवस मुकाट्याने काम केलं. चौथ्या दिवशी गौराक्का सुईणीच्या दारापुढचा खांब आला आणि सगुणा अर्ध्यावरून खाली उतरली. सगुणाच्या सुनेला नववा महिना लागला होता, आणि गौराक्काचं घर नदीपलीकडे दोन कोसांवर. ऐन वेळी लाइट नसली तर सुईणीला कळवायचं कसं? ती तशीच दरबारात गेली.

"महाराज, नव्या लाइनीबरोबर घरोघर एक बॅटरीची पेटी द्या," ती म्हणाली. "नाहीतर लाइट गेली की फोन मुका."

"हुकमात पेटी नाही," महाराज म्हणाले.

"मग आपला फोन जुन्या तारेवर का ठेवलाय?"

प्रधान त्रिंबकपंत आपल्या बोटातली अंगठी निरखू लागले.

"कारण राजाचा फोन कायम चालू पाहिजे," महाराज म्हणाले. "लाइट गेली की वीजघराला फोन कोण करतं? मी!"

हे मात्र खरं होतं. लाइट गेली की महाराज स्वतः वीजघराला फोन लावून झाडत, आणि मग दुरुस्ती सुरू होई. महाराजांचा फोन आल्याशिवाय कुणी शिडीला हात लावायचा नाही, असा वीजघराचा रिवाज होता. आपणहून दुरुस्त केलं तर महाराजांना वाईट वाटेल, असं तिथल्या लोकांचं म्हणणं.

"माझा हुकूम चुकला, असं मी आजवर कधी म्हटलेलं नाही," महाराज पुढे म्हणाले. "तुला ते म्हणवून घ्यायचं असेल, तर हुकूम केसभरही न मोडता म्हणवून घे. जमलं तर मागशील ते देईन. नाही जमलं तर खांबावरून उतरायचं ते कायमचं. आणि तोवर पेटीचं नाव काढायचं नाही."

"बरं," सगुणा म्हणाली आणि मुजरा करून कामाला गेली.

तिने गौराक्काची लाइन बदलली. प्रधानांची बदलली. वीजघराचीही बदलली, कारण हुकमात वीजघराला सूट नव्हती. आठव्या दिवशी संध्याकाळी राज्यात जुन्या तारेवर एकच फोन उरला. खांबांचं काम संपलं, तशी सगुणा एक्स्चेंजात फोन घ्यायला बसली.

नवव्या दिवशी भर दुपारी महाराज पुरणपोळी खाऊन आडवे झाले आणि डोक्यावरचा पंखा थांबला. महाराज उठले. काळा फोन छान चालू होता. त्यांनी ऐटीत वीजघराचा नंबर फिरवला. पलीकडे काही नाही. प्रधानांचा फिरवला. तिथेही काही नाही. शेवटी त्यांनी एक्स्चेंजला लावला आणि पहिल्याच घंटीला सगुणाने उचलला.

"वीजघर जोडून दे," महाराज म्हणाले.

"तिकडचा फोन बंद आहे, महाराज."

"का?"

"लाइट गेलीय."

"लाइट गेलीय म्हणूनच मी फोन करतोय!"

"ती गेलीय म्हणूनच तो बंद आहे."

महाराजांनी उपरण्याने मान पुसली. "मग तुझा कसा चालू आहे?"

"मी एक्स्चेंजात बसलेय. इथे बॅटऱ्या आहेत. आपणच नाव काढायला बंदी केलीत, म्हणून जास्त बोलत नाही."

"मी स्वार पाठवतो वीजघराला."

"पाठवा की. पण स्वाराच्या सांगण्यावरून तिथली शिडी हलत नाही. आपला फोनच यावा लागतो."

"तो कधी लागेल?"

"लाइट आली की लगेच."

"अगं, लाइट आल्यावर मी फोन कशाला करू?"

"ते मला कसं कळावं, महाराज? हुकूम आपला आहे. मी तो केसभरही मोडलेला नाही. आपला फोन तर ठणठणीत चालतोय. आता आपण एकट्याने किती वेळ बोलणार, ते तेवढं सांगा. तोवर मी धरून ठेवते."

 मग महाराज हसायला लागले. ते इतके हसले की पलीकडे सगुणाला फोन कानापासून लांब धरावा लागला.

"चुकला," ते धापा टाकत म्हणाले. "हुकूम चुकला. घरोघर पेटी मिळेल. तुला काय हवं ते माग."

"पहिली पेटी गौराक्काकडे, दुसरी माझ्या घरी. सुनेचे दिवस भरलेत."

"आणि वीजघराला?"

"तिसरी. तोवर आपण जरा वारा घ्या."

वारा घेण्याऐवजी महाराजांनी घोडा मागवला, भर उन्हात वीजघरापर्यंत गेले आणि तिथल्या माणसांना समोरासमोर झाडलं. शिडी लागली. त्याच संध्याकाळी पहिली पेटी नदीपलीकडे पोचली, दुसरी सगुणाच्या घरी.

पाच दिवसांनी सकाळी लाइट गेलेली असताना गौराक्काचा फोन वाजला. तिने दुसऱ्या घंटीला तो उचलला, ती लगेच निघाली आणि वेळेत पोचली. सगुणाला नात झाली. बारशाला महाराजांकडून सोन्याचा तोडा आला.