राजाचा मुका आरसा

एका राज्यात एक राजा होता. स्वभावाने वाईट मुळीच नव्हता, पण त्याला घाई फार. मनात आलेली गोष्ट कालच व्हायला हवी होती, असं त्याचं चाले.

एकदा त्याच्या मनात आलं, की प्रजेला लहानसहान कामांसाठी राजधानीपर्यंत पायपीट करायला लागू नये. विचार चांगलाच होता. त्याने राज्यातला सर्वांत हुशार कारागीर बोलावला आणि त्या कारागिराने गावोगावच्या चावडीवर एकेक जादूचा आरसा बसवला. आरशापुढे उभं राहून आपलं गाऱ्हाणं सांगायचं. आरसा ते ऐकायचा आणि काचेवर अक्षरं उमटवून उत्तर द्यायचा. बियाणं हवं, वैद्य हवा, न्याय हवा, सगळं त्या काचेतून मिळायचं.

काम संपत आलं तेव्हा कारागीर राजाला म्हणाला, "महाराज, आरसा लिहितो, पण बोलत नाही. ज्यांना दिसत नाही त्यांनी काय करायचं? मला आणखी थोडे दिवस द्या. मी त्याला वाचा देतो."

"दसरा तोंडावर आलाय," राजा म्हणाला. "आणि आंधळे असे असून असून असणार किती? माझ्या दरबारात तर मी आजवर एकही पाहिला नाही."

दरबाराच्या उंच, बिनकठड्याच्या पायऱ्या चढून आंधळा माणूस वर येणार तरी कसा, हे राजाच्या ध्यानात आलं नाही. कारागिराच्या आलं होतं. पण सत्तेपुढे शहाणपण चालत नाही, म्हणून तो गप्प बसला. दसऱ्याला आरसे सुरू झाले आणि चावडीवरच्या निरोप्यांना घरी बसवलं गेलं.

पुढे राक्षस माणसांची रूपं घेऊन आरशापुढे येऊ लागले आणि धान्य, औषधं लुबाडू लागले. तेव्हा प्रधानाने एक तोड काढली. कोणीही काही मागितलं, की आरशाने आधी काचेवर चित्रं दाखवायची आणि लिहायचं, 'माणूस असशील तर बैल असलेल्या चित्रांवर बोट ठेव.' राक्षसांना म्हणे बैल आणि रेडा यातला फरक कळत नसे. दरबारात प्रधानाची वाहवा झाली.

त्याच राज्यातल्या एका गावात सुंभाच्या बाजा विणणारा एक माणूस राहायचा. त्याला जन्मापासून दिसत नव्हतं. बायको वारली होती. घरात तो आणि त्याची लहानगी लेक, एवढीच दोघं. आरशाचं काही काम निघालं तर लेकच जाऊन करून यायची.

एके दिवशी सारा गाव डोंगरापलीकडच्या जत्रेला गेला होता. लेकीला ताप होता म्हणून बापलेक घरीच राहिले. दुपारी ताप एकदम चढला. पोर तापाने फणफणली आणि काहीबाही बरळू लागली. बाप शेजारच्या दारांवर थापा मारून आला. कोणी नव्हतं. मग तो भिंती चाचपत चाचपत चावडीवर गेला.

"माझी लेक आजारी आहे," तो आरशाला म्हणाला. "वैद्याला धाडा. तुमची चित्रं मला दिसत नाहीत, पण मी माणूसच आहे हो."

आरशाने चित्रं दाखवली. थोडा वेळ वाट पाहिली. मग चित्रं विझवून अक्षरं उमटवली. बापाला यातलं काहीच कळलं नाही. नाही म्हणालेलं ऐकू आलं नाही, म्हणजे हो म्हणाला असेल, असं त्या भाबड्याला वाटलं. राजाचा आरसा होता, त्याने ऐकलं असणार.

घरी येऊन त्याने लेकीच्या कपाळावर ओली पट्टी ठेवली.

"बाबा, वैद्य आले का?"

"येतायत गं बाळा. निरोप दिलाय मी."

तो दारात बसून घोड्याच्या टापांची वाट पाहत राहिला.

सांज झाली तसा गाव परतला. शेजारीण हकीकत ऐकून धावत चावडीवर गेली. काचेवर अक्षरं तशीच होती. 'तू माणूस नाहीस. दूर हो.' तिने पदराने डोळे पुसले, भराभर बैलांवर बोट ठेवलं, आणि वैद्य लगेच आला.

पोरीचा जीव वाचला. पण तापाने तिचे दोन्ही कान नेले. वैद्य खाली मान घालून म्हणाला, "दुपारी बोलावलं असतं तर कान राहिले असते."

काही दिवसांनी बाप लेकीचा हात धरून राजधानीत गेला. लेकीने एकेक पायरी दाखवत त्याला दरबारात नेलं. त्याने घडलं ते सगळं सांगितलं.

प्रधान म्हणाला, "असं कसं होईल? आरसे सुरू झाल्यापासून एकाही आंधळ्याची तक्रार आलेली नाही."

"तक्रार कुठे करायची असते, प्रधानजी?"

"कुठे म्हणजे? आरशात!" प्रधान बोलून गेला आणि त्याचा चेहरा उतरला.

राजा सिंहासनावरून खाली आला. "चूक माझी आहे," तो म्हणाला. "दसऱ्याची घाई मला होती." मग कारागिराकडे वळून तो म्हणाला, "आजच्या आज ती अक्षरं पुसून टाक. यापुढे आरसा फक्त बोलेल."

बापाने हात जोडले. "पुन्हा घाई नको, महाराज. अक्षरं राहू द्या. माझ्या लेकीला आता तीच लागणार."

राजाने त्या मुलीकडे पाहिलं. मग तो कारागिराला एवढंच म्हणाला, "हवा तेवढा वेळ घे. पण या लोकांना विचारल्याशिवाय एक खिळाही ठोकू नकोस."

कारागीर त्या बापाबरोबर बसला. ज्यांना ऐकू येत नाही, ज्यांचे हात थरथरतात, ज्यांना अक्षरओळख नाही, त्यांच्याबरोबर बसला. बैलांची परीक्षा त्याने काढून टाकली. राक्षस बैल ओळखायला केव्हाच शिकले होते, त्या परीक्षेत अडकत होती ती माणसंच.

नवा आरसा गावात आला तेव्हा बापलेक त्याच्यापुढे उभे राहिले. "या, काय हवंय?" आरसा बोलला, आणि तेच शब्द काचेवर उमटले. बापाने ते ऐकले, लेकीने वाचले. बापाला जे हवं होतं, ते देणं आता कुठल्याच आरशाच्या हाती नव्हतं. मग त्याने बाजेसाठी सुंभ मागितला आणि लेकीचा हात धरून तो घरी गेला.

तात्पर्य: चावडीवरचा आरसा असो की आजची वेबसाइट, ती बांधतानाच सगळ्यांना विचारून बांधावी; कारण जो दाराबाहेर अडकतो, त्याची तक्रारही बाहेरच राहते.