चेंडू नसतानाची धाव

फार पूर्वी, डोंगरांच्या आड वसलेल्या एका राज्यात चेंडूफेकीच्या खेळाचं लोकांना भारी वेड होतं. एकानं कातडी चेंडू लांब फेकायचा, जोडीदारांपैकी एकानं धावत जाऊन तो वरच्यावर झेलायचा आणि समोरच्या रेघेपार न्यायचा. विरुद्ध बाजूच्या गड्यांनी त्याला अडवायचं. झेलणाऱ्याला सगळे 'झेल्या' म्हणत. राजधानीतलं विद्यालय दरवर्षी खेड्यापाड्यांच्या शाळांतून एकच झेल्या निवडत असे. निवड झाली की त्याचं राहणं, जेवण, शिक्षण सगळं विद्यालय बघायचं.

ही निवड करायचं काम एका पारख्याकडे होतं. माणूस प्रामाणिक. प्रत्येक पोराची उंची, धाव आणि झेल तो वहीत टिपून ठेवायचा. पण गेल्या वर्षापासून त्याच्या मनाला एक टोचणी लागली होती. सर्वांत जास्त झेल बघून त्यानं एक मुलगा निवडला होता. राजधानीत तर सगळेच झेलण्यात पटाईत. तिथं चेंडू वाट्याला येईना, तसा तो पोरगा आधी रुसला, मग खचला आणि चार महिन्यांत घरी परतला. त्याला पोचवायला पारखी स्वतः गेला होता. पोराच्या आईनं पाण्याचा तांब्या पुढे केला आणि ती एवढंच म्हणाली, "नेण्याआधी अजून एक दिवस बघितलं असतंत तर बरं झालं असतं." पारख्यानं तांब्या तसाच खाली ठेवला.

यंदा तो सोनखोऱ्याच्या शाळेत आला, तेव्हा तिथल्या गुरुजींनी त्याला सटवा नावाचा एक उंच, हाडकुळा पोरगा दाखवला. "याला बघा," गुरुजी म्हणाले.

सामना सुरू झाला. सटव्यानं दिवसभरात एक झेल घेतला आणि एक सोडला. त्याच संघातल्या दौलतनं मात्र सात झेल घेतले. प्रत्येक झेलागणिक गावकरी त्याच्या नावानं टाळ्या पिटत होते. संध्याकाळी पारख्यानं वही गुरुजींपुढे धरली. "गुरुजी, रागावू नका, पण तुमचं बोट चुकीच्या पोराकडे गेलं. घ्यायचा तर दौलत घ्यावा."

"दौलत गुणी आहेच," गुरुजी म्हणाले. "पण तुम्ही आज काय बघत होतात?"

"चेंडू. दुसरं काय बघणार?"

"उद्या पुन्हा सामना आहे. राहा एक दिवस. चेंडू जाईल तिकडे जाऊ दे, तुम्ही सटव्यावरची नजर काढू नका."

पारख्याला पुढच्या गावाला निघायचं होतं. पण 'अजून एक दिवस' हे शब्द त्याला आठवले आणि तो राहिला.

दुसऱ्या दिवशी त्याला फार जड गेलं. चेंडू उडाला की नजर आपोआप त्याच्यामागे धावायची. त्यानं ती ओढून ओढून सटव्यावर आणली. सटवा जीव खाऊन मैदानाच्या कडेला धावत होता, आणि दोन गडी त्याच्या मागे. मधली जागा मोकळी पडली, तिथं दौलतनं आरामात झेल घेतला. पुन्हा तेच, आणि पुन्हा तेच. पंधरा वेळा सटवा तसाच धावला. पंधराव्या धावेचा वेग पहिलीपेक्षा तसूभरही कमी नव्हता. दौलतच्या हाती चेंडू आला की सटवा गर्रकन वळायचा आणि त्याला अडवायला येणाऱ्या गड्याच्या वाटेत उभा राहायचा. दोनदा तर तो मातीत लोळला. टाळ्या दौलतला पडल्या.

सामना संपल्यावर पारख्यानं सटव्याला बाजूला बोलावलं. "सगळा गाव दौलतचं नाव घेतो. तुला काही वाटत नाही?"

"वाटतं की," सटवा खाली बघत म्हणाला. "आज एकदा तरी चेंडू माझ्याकडे यावा असं फार वाटत होतं."

"मग येणार नाही हे माहीत असताना इतका का धावतोस?"

"हळू धावलो तर समोरच्यांना कळेल ना, की चेंडू दौलतकडे जाणार आहे."

पारख्यानं दौलतलाही बोलावलं. मग त्यानं स्वतः दोघांकडे वीस-वीस चेंडू फेकले. सटव्यानं सहा सोडले, दौलतनं एकच. ते आकडे त्यानं जसेच्या तसे वहीत उतरवले. मग त्यानं दौलतला विचारलं, "दर वेळी तुझ्यासमोर एवढी मोकळी जागा कुठून येते रे?"

"असतेच ती," दौलत म्हणाला. मग जरा थांबून, "का असते ते मी कधी बघितलं नाही."

"हात सरावानं सुधारतात," पारखी गुरुजींना म्हणाला. "मी सटव्याला नेतो." दौलतचं तोंड एवढंसं झालं. पारख्यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुझे हात फार चांगले आहेत, बाळ. खोटं सांगत नाही. पण अजून तुझी नजर फक्त चेंडूवर आहे. माझीही कालपर्यंत तशीच होती."

राजधानीत मुख्य आचार्यांनी वही उघडून कपाळाला हात लावला. "दोन दिवसांत एक झेल? आणि हा पोरगा घेतलास?"

"वर्षभरात निभावला नाही तर माझं काम दुसऱ्याला द्या," पारखी म्हणाला.

सुरुवातीचे महिने वाईट गेले. सटव्याच्या हातून चेंडू सुटायचे आणि पोरं हसायची. तो रोज सकाळी सगळ्यांच्या आधी मैदानात जायचा आणि भिंतीवर चेंडू आपटून झेलत बसायचा. हळूहळू हात बसला. पण त्याआधीच एक गोष्ट घडली होती. संघातल्या इतर झेल्यांचे झेल वाढले होते, आणि ते का वाढले हे कुणालाच उमगत नव्हतं. आचार्यांनी पारख्याला विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "उद्या माझ्याशेजारी बसा. चेंडूकडे मात्र बघू नका." आचार्य बसले. सामना संपला. उठताना म्हणाले, "इतकी वर्षं मी अर्धाच खेळ बघितला."

पुढच्या वर्षी सोनखोऱ्याहून गुरुजींची चिठ्ठी आली. दोनच ओळी होत्या: 'दौलतला न्यायला या. यंदा त्याचे झेल निम्म्यावर आलेत, आणि आमचा संघ एकही सामना हरलेला नाही.'

पारख्यानं त्याच दिवशी घोड्यावर खोगीर घातलं.

तात्पर्य इतकंच: टाळ्या मिळताना सगळेच धावतात, माणूस पारखायचा तर त्या दुसऱ्याला मिळत असताना तो कसा धावतो ते बघावं.