सासूबाईंच्या पदरावर वरवंटा

एकदा काय झालं, गिरजा नावाच्या सुनेनं अन्नपूर्णेला नवस केला. आता नवस म्हटला की लोक काय मागतात? कोणी मूल मागतं, कोणी पाऊस मागतं, कोणी हरवलेली गाय मागतं. गिरजेनं हात जोडले आणि म्हणाली, "आई अन्नपूर्णे, माझ्या सासूबाईंच्या गोष्टी तेवढ्या बंद कर. तुला पुरणपोळीचा नैवेद्य दाखवीन."

हसू नका. शरू, पाय पांघरुणात घे आणि नीट ऐक. गिरजेची अगदीच काही चूक नव्हती, बरं का.

घरात माणसं तीनच. गिरजा, तिचा नवरा भानुदास आणि सासूबाई आवडाबाई. गिरजा त्यांना आत्याबाई म्हणायची. आवडाबाईंच्या हाताला अशी चव, की त्यांच्या फोडणीच्या वासानं वाटसरू वाट चुकायचे. आणि गिरजा? माहेरची लाडाची लेक. तिची भाकरी उलटताना तुटायची. पण शिकायची हौस मोठी. म्हणाली, चला, घरातच सुगरण आहे, विचारून विचारून शिकू.

पण विचारायचं कसं? आवडाबाईंना कृती विचारली की कृती यायचीच नाही. गोष्ट यायची.

चुलीवर डाळ शिजलेली, तेलात मोहरी तडतडतेय. गिरजा विचारायची, "आत्याबाई, आमटीत चिंच किती घालू?"

"चिंच होय?" आवडाबाई भिंतीला टेकायच्या आणि पाय पसरायच्या. पाय पसरले की समजावं, संपलं. "अगं गिरजे, माझ्या माहेरी विहिरीशी चिंचेचं झाड होतं. त्यावर म्हणे मुंजा राहायचा. कोणी जवळ जाईना. माझ्या भावानं, दगडूनं, लावली पैज..."

"आत्याबाई, फोडणी जळतेय. चिंच किती?"

"सांगतेय ना! घोड्यावर बसून आलीस का? तर दगडू चढला. दगडू कोण, ठाऊक आहे ना? ज्याच्या मुंजीत कढी फुटली तो. त्या कढीची तर निराळीच गंमत..."

मग कढीची गंमत. मग त्या कढीच्या ताकाची म्हैस. मग ती म्हैस ज्यानं विकली, त्याची भांडकुदळ बायको. इकडे मोहरी काळी ठिक्कर, डाळ तळाला लागलेली. आणि चिंच किती? ते शेवटपर्यंत नाहीच. "घाल अंदाजानं," म्हणायच्या आणि उठायच्या.

अंदाजानं! अंदाज असता तर ती विचारायला आली असती का? सांगा बरं तुम्हीच.

थालिपीठ विचारलं की आवडाबाईंची आजी निघायची. पिठलं विचारलं की सासरे निघायचे. लोणच्याच्या गोष्टीत तर दोन लग्नं आणि एक काडीमोड होता, आणि मोहरी कधी घालायची ते कुठेच नव्हतं. गिरजा बिचारी एक कान गोष्टीकडे, एक डोळा चुलीकडे. ना धड गोष्ट पुरी व्हायची, ना धड भाजी. भानुदास स्वभावानं गरीब. करपलेलं खायचा, "छान झालंय" म्हणायचा आणि तांब्याभर पाणी प्यायचा.

एक दिवस दूध उतू गेलं, भाकरी जळली आणि गिरजेचं बोट भाजलं. तिन्ही एकाच गोष्टीत. मग मात्र ती बोट तोंडात धरून उठली ती थेट देवघरात. लग्नात सुनेबरोबर माहेराहून अन्नपूर्णा येते ना? पितळेची, बोटभर उंचीची, हातात पळी घेतलेली, वाटीतल्या तांदळात बसलेली. तिच्यासमोर गिरजेनं तो नवस बोलला.

"बरं," अन्नपूर्णा म्हणाली.

देव इतक्या पटकन बरं म्हणाला की माणसानं जरा घाबरावं. पण गिरजा कुठली घाबरतेय! ती खूश.

दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "आत्याबाई, चिंच किती?"

"दोन बुटुकं."

गिरजा थांबली. पुढे काहीच नाही. "आणि गूळ?"

"सुपारीएवढा."

झालं! दगडू नाही, मुंजा नाही, म्हैस नाही. आमटी कशी झाली म्हणता? नितळ, खमंग, कुठे करपलेली नाही. गिरजेनं ऐटीत पान वाढलं. भानुदासनं भुरके मारले. भात संपला, आमटी संपली. पुन्हा वाढली, पुन्हा संपली. पातेलं खरवडून झालं, तरी तो पाटावरून उठेना.

"चव चांगली आहे गं," तो म्हणाला, "पण जेवल्यासारखं वाटत नाही."

मग एक दिवस थालिपिठं केली. खरपूस, लोण्याचा गोळा वर. भानुदासनं चळत संपवली. हात धुतला, पोटावरून फिरवला आणि हळूच विचारलं, "गिरजे, आज आपल्याकडे उपास आहे का?"

गिरजेनं कपाळाला हात लावला. करपलेलं खाऊन हा माणूस ढेकर देत होता, आणि आता चांगलं घालावं तर उपाशी!

मग आला नवस फेडायचा दिवस. गिरजेनं विचारलं, "आत्याबाई, पुरणाला काय काय घेऊ?"

"हरभऱ्याची डाळ. तितकाच गूळ. वेलदोडा. एक रताळं."

"पुरणात रताळं? ते कशाला?"

आवडाबाईंनी तोंड उघडलं. तसंच राहिलं. मग मिटलं. "माहीत नाही," त्या म्हणाल्या.

आवडाबाई आणि माहीत नाही! तिथेच गिरजेच्या मनात चर्र व्हायला हवं होतं. पण ती म्हणाली, जाऊ दे, पुरणात कोणी रताळं घालतं का? उगाच देवीच्या नैवेद्याला भलतंच काहीतरी. तिनं घातलंच नाही. आणि नैवेद्य चाखून बघत नाहीत, बरं का. देवाच्या आधी जिभेला लावायचा नाही. तिनं तसाच दाखवला, मग तुकडा तोंडात टाकला. गोड होता. पण नुसता गोड, गुळाचा खडा चघळावा तसा.

आवडाबाईंनी पोळीकडे पाहिलं. "हे काय आहे?"

"पुरणपोळी, आत्याबाई."

"असेल," म्हणाल्या आणि ताट सरकवलं.

मग एक भलतंच सुरू झालं. आवडाबाई हलक्या व्हायला लागल्या. कशा हलक्या? ओल्या सारवलेल्या जमिनीवरून गेल्या तर पाऊल उमटेना. पाटावर बसल्या तर पाट वाजेना. एकदा गिरजा तांदूळ पाखडत होती, तर सुपाच्या वाऱ्यानं आवडाबाई सरकत सरकत भिंतीला जाऊन लागल्या! भानुदासनं धावत जाऊन आईला उचललं. पाहतो तर आई उशीएवढी.

करता काय? दोघांनी त्यांना ओसरीवर बसवलं आणि त्यांच्या लुगड्याच्या पदरावर वरवंटा ठेवला. म्हणजे वारा सुटला तर उडायला नकोत. वारा आला की पदर ताणायचा आणि आवडाबाई पतंगासारख्या वीतभर उचलल्या जायच्या. मुकाट्यानं. तक्रारसुद्धा नाही.

शेजारची द्वारका कुंपणावरून म्हणाली, "काय गं गिरजे, सासूला वाळत घातलीस की काय?"

गिरजेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती देवघरात गेली आणि रडायलाच लागली. "आई, त्यांच्या गोष्टी परत दे. अशानं एक दिवस माझ्या आत्याबाई उडून जातील गं!"

अन्नपूर्णा वैतागली. देवांनाही वैताग येतो, का येऊ नये? "काल म्हणालीस बंद कर. आज म्हणतेस चालू कर. एक काहीतरी ठरव बाई! आणि माझ्याकडे कुठल्या गोष्टी? ज्यानं ऐकल्या त्याच्याकडे असतात त्या. जा, तूच सांग तिला."

"मला कुठे येतात? मी तर सगळ्या अर्ध्याच ऐकल्या."

"मग अर्ध्या सांग," अन्नपूर्णा म्हणाली आणि डोळे मिटून घेतले. पितळेचे डोळे, पण मिटले.

गिरजेनं डोळे पुसले. आमटीचं पातेलं घेऊन ओसरीवर गेली. "आत्याबाई, तुमच्या माहेरी चिंचेचं झाड होतं. त्यावर मुंजा होता. तुमचा भाऊ दगडू वर चढला, आणि... आणि पडला. मग सगळ्यांनी आमटी खाल्ली."

ही काय गोष्ट झाली? चुलीतलं लाकूडसुद्धा फुसकन हसलं. पण आवडाबाईंची डावी भुवई होती ना, ती जराशी हलली.

मग थालिपीठ नेलं. "आत्याबाई, तुमची आजी थालिपिठाला पाच भोकं पाडायची. चार चार लेकरांची. आणि पाचवं... पाचवं बहुतेक मांजराचं."

"च्!" आवडाबाईंच्या तोंडून आवाज आला. पदर एवढासा सैल पडला.

गिरजेला धीर आला. म्हणाली, नवसही आपला अर्धाच फिटलाय. आज पुरण करायचं, आणि रताळ्यासकट करायचं. डाळ शिजवली, गूळ घातला, रताळं उकडलं. आता पुरण वाटायचं. पाट्यावर घेतलं आणि हात पुढे केला, तर वरवंटा कुठाय? पदरावर!

आली का पंचाईत? वरवंटा काढावा तर सासू उडते. न काढावा तर पुरण राहतं.

नंदू, श्वास सोड रे बाळा. ती काय गप्प बसते होय? तिनं पाटाच ओसरीवर ओढत आणला. वरवंटा काढला, चटकन आपला गुडघा पदरावर रोवला. वरवंटा धुतला आणि बसली वाटायला. आणि नेमका वारा सुटला! अंगणातला पाचोळा उडाला. आवडाबाई उचलल्या, हातभर वर गेल्या. पदर गुडघ्याखालून सुळकन सरकायला लागला. गिरजेचे हात पुरणात बरबटलेले. धरणार कशानं? तिनं पदर दातांत धरला, आणि कधीतरी अर्ध्या कानानं ऐकलेली रताळ्याची गोष्ट तिला एकदम आठवली, तशी दातांतूनच भराभरा बोलत सुटली.

"आत्याबाई, तुमच्याकडे एकदा होळीला अचानक पाहुणे आले. दुष्काळाचं साल होतं. डाळ थोडी होती. तेव्हा तुमच्या थोरल्या जाऊबाईंनी पुरणात रताळं घातलं, आणि..."

"थोरलीनं?"

आवाज वरून आला. गिरजेनं वर पाहिलं.

"थोरलीनं घातलं?" आवडाबाई कडाडल्या. "तिला साध्या वरणाला फोडणी येत नव्हती, ती रताळं घालतेय! अगं, मी घातलं! मी! नवी नवरी होते. शिवरात्रीच्या उपासाची रताळी उरलेली होती कोनाड्यात, ती उकडून घातली. थोरली म्हणते, पाहुणे थुंकतील हो तुमच्या पुरणावर. मी भीतीनं गोठ्यात जाऊन लपले. आणि पाहुणे बोटं चाटायला लागल्यावर हीच बया पुढे होऊन म्हणते, मीच घातलं! जन्मभर मिरवलं तिनं. आणि आता माझी स्वतःची सून तिचीच री ओढते? काय ऐकत होतीस गं इतके दिवस, भोपळा?"

आणि धप्पकन आवाज झाला. आवडाबाई ओसरीवर बसल्या होत्या. अशा बसल्या की कोनाड्यातली पणती हलली.

गिरजा हसतेय की रडतेय, तिचं तिलाच कळेना. "नाही ऐकलं, आत्याबाई. पुन्हा सांगा."

"पुन्हा काय सांगा? आणि दगडू पडला म्हणे! पडला नव्हता तो. धोतर अडकलं फांदीला. आणि पाचवं भोक मांजराचं? अगं पाचवं आल्यागेल्याचं..."

मग काय, दिवेलागण होईपर्यंत गोष्टी. वारा येऊन दमून गेला. नैवेद्य झाला, अन्नपूर्णेच्या ओठांच्या कोपऱ्यात एवढंसं हसू दिसलं. भानुदासनं दोन पोळ्या खाल्ल्या, मोठ्ठी ढेकर दिली आणि पाटावरच पेंगायला लागला.

दुसऱ्या दिवशी गिरजेनं विचारलं, "आत्याबाई, कटाच्या आमटीला मीठ किती?"

"मीठ होय?" आवडाबाईंनी पाय पसरले.

अगं बाई! गिरजेनं कपाळावर हात मारून घेतला. मारला, पण मग काय केलं, ठाऊक आहे? चुलीतला विस्तव मागे ओढला. पातेलं उतरवून ठेवलं. पाट ओढून समोर बसली आणि म्हणाली, "हं. आता सांगा."

मग त्या घरात कधी काही करपलं नाही, आणि कोणी उपाशी उठलं नाही. सारवलेल्या जमिनीवर आवडाबाईंची पावलं अशी खोल उमटायची, की त्यात चिमण्या पाणी प्यायच्या. तिघं सुखानं नांदली. आणि गिरजेची ती बोटभर अन्नपूर्णा तुमच्याही तांदळात येऊन बसो, तुमच्या पानात कधी काही कमी न पडो.

शरू? झोपली वाटतं. बघा, अर्धीच ऐकली. असू दे, असू दे. नंदू, तूही आता डोळे मीट. आणि एक कर माझ्यासाठी. उद्या सकाळी आईला एखादी कृती विचार. आधी तिला गॅस बारीक करायला सांग, आणि मग समोर बस. आणि शरूला राहिलेली गोष्ट तू सांग. नसेल येत तर चुकीची सांग, पण सांग हो. मी आहे ना शेजारच्या खोलीत, तिथून ओरडेन.