धूरमुक्त गावाचं बक्षीस

आंबेखिंडीला घाटरस्ता होता, पण एस.टी. नव्हती. म्हणून सरपंच हिराबाई धिंडळे तालुक्याच्या सभेत उठल्या आणि त्यांनी थेट मंत्र्यांकडे बस मागितली.

सभा धूरमुक्तीची होती आणि मंत्रिमहोदय गाड्यांचा भलामोठा ताफा घेऊन आले होते. ते म्हणाले, "ताई, धूर कमी व्हावा म्हणून सरकार जिवाचं रान करतंय, आणि तुम्ही नवी गाडी मागता? चालावं माणसानं."

हिराबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण त्या हसून म्हणाल्या, "पटलं साहेब. मग आमच्याइतकं धूरमुक्त गाव दुसरं नाही. पहिलं बक्षीस आम्हाला द्या, अन् द्यायला स्वतः या. तेवढ्या गाड्या पायथ्याशी ठेवा."

पत्रकार लिहून घेत होते. मंत्र्यांना हो म्हणावंच लागलं.

ठरल्या दिवशी अर्ध्या घाटात साहेबांचे गुडघे बोलू लागले. गावकऱ्यांनी त्यांना आजाऱ्यांच्या डोलीत बसवलं.

"अजून किती लांब?" साहेब कण्हले.

"अडलेल्या बायाही इथंच हे विचारतात," हिराबाई म्हणाल्या.

वर पोचताच साहेबांनी विजेवरची बस मंजूर केली, आणि पहिली फेरी आजच, खाली जाणारी असावी, असं बजावलं.