पहिला चहा दोरीचा

एका घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात एक पैलवान राहत होता. त्याची पकड अशी, की त्याने मनगट धरलं की समोरचा गडी आधी देवाचं नाव घ्यायचा आणि मग पंचांचं. पण पुढे गुडघा गेला, आखाडा सुटला आणि ऐन चाळिशीत पैलवानावर नवा धंदा शिकायची पाळी आली. तो अक्काच्या ट्रकवर कामाला लागला.

अक्काचा ट्रक सपाट पाठीचा होता. बाजूला फळ्या नाहीत, मागे झडप नाही. वर जे ठेवाल ते फक्त बांधणीच्या भरवशावर. नवरा गेल्यावर अक्काने तो ट्रक स्वतः चालवला होता. आता डोळ्यांनी साथ सोडली, म्हणून ती भरवशाचा माणूस शोधत होती.

त्या घाटात एक वळण होतं. लोक त्याला खादाड वळण म्हणत. दरसाल तिथे कुणाच्या तरी ट्रकवरचा माल सुटायचा आणि मागून येणाऱ्या माणसांवर पडायचा. मग मोठी मोठी माणसं यायची, हळहळायची. वळणावर शेंदूर फासलेला आणखी एक दगड बसायचा आणि सगळ्यांचं एकमत व्हायचं, की वळणच वाईट. नारळ फोडल्याशिवाय तिथून कुणी पुढे जात नसे. दोरी कुणी बांधली होती आणि ती मध्ये कुणी पाहिली होती का, हे मात्र कुणी विचारत नसे. वळण बिचारं डोंगराबरोबर जन्मलेलं. ते जागचं कधी हललं नव्हतं. हलला होता तो माल. पण वळणाला तोंड नाही, म्हणून आळ त्याच्यावर.

अक्काने पैलवानाला पहिल्या दिवशी अंगणात ओंडके मांडून शिकवायला घेतलं.

"हे बघ," ती म्हणाली, "माल कधी गप बसत नाही. चढाला मागं पळतो, ब्रेक मारला की पुढं पळतो, वळणावर बाहेर उडी मारतो. त्याला सगळीकडून धरायचं."

"म्हणजे कुस्तीच की," पैलवान म्हणाला.

"कुस्तीच. गोल माल असला की आधी दोन्ही अंगांनी पाचर ठोक. मग दोरी आडवी टाक, वरून फुली मार. दोरी घासेल तिथं खाली गोणपाट घाल. आणि शेवटी दांडकं अडकवून पीळ दे."

पैलवानाने पीळ दिला तो असा, की दोरीवर टिचकी मारली तर एकतारीसारखी वाजली. अक्काने मान डोलावली.

"छान. आता एक ध्यानात ठेव. घाटाच्या खाली चहाची टपरी लागते. तिथं थांबायचं. पहिला चहा दोरीचा."

"दोरी साखर किती घेती, अक्का?"

"हस बाबा हस. तिथपर्यंत रस्त्यानं हिसके दिलेले असतात. माल बसतो, साल दबते, दोरी सैल पडते. उतरून प्रत्येक दोरीला हात लावायचा, पाचर ठोकायची, पीळ वाढवायचा. मग घाट चढायचा."

"माझी पकड कधी सुटलेली नाही," पैलवान जरा घुश्शातच म्हणाला.

"तुझी नसेल सुटली. पण वाटेत तुझा हात नसतो, दोरी असते. माल दमत नाही, पैलवान. दोरी दमते."

काही दिवसांनी घाटावरच्या गावाचं काम आलं. त्या गावाचा ओढ्यावरचा साकव पुरात वाहून गेला होता आणि पोरं छातीएवढ्या पाण्यातून शाळेत जात होती. नव्या साकवासाठी झाडांचे लांबलचक ओंडके न्यायचे होते. अक्का पैलवानाला म्हणाली, "ही खेप नीट नेलीस, तर हा ट्रक तूच चालवायचा. नाही नेलीस, तर मी दुसरा माणूस बघीन. राग मानू नकोस, मागून माणसं येत असतात."

पैलवानाने सकाळी ओंडके रचले, पाचरी ठोकल्या, दोऱ्या आवळल्या. टिचकी मारून पाहिली. दोरी वाजली. त्याची छाती फुगली.

वरच्या गावाचे सरपंच मांडीवर नारळ घेऊन शेजारी येऊन बसले. त्यांच्या गावातली माणसंही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून लाकडं आणायला उतरली होती. हलगी होती, सनई होती, बाया होत्या, शाळेतली पोरं होती. ट्रक निघाला, तशी ती ट्रॉली हलगी वाजवत त्याच्या मागोमाग निघाली.

रस्ता कसला, नुसते खड्डे. ट्रक आदळत, आपटत घाटाच्या दिशेने चालला. टपरी दिसू लागली, तसा पैलवानाने वेग कमी केला.

"का हो?" सरपंचांनी विचारलं.

"दोऱ्या बघतो जरा."

"बांधल्या कुणी?"

"मीच."

"मग?" सरपंच हसले. "अहो, पैलवान बांधणार आणि सुटणार? तुमचाच तुमच्यावर भरवसा नाही का? वर पाहुणे येऊन बसलेत, मुहूर्त टळतोय. चला."

ते शब्द पैलवानाला बरोबर लागले. थांबलो तर ट्रॉलीतलं अख्खं गाव बघणार, की पैलवान आपलीच गाठ चाचपतोय. सकाळी तर एकतारीसारखी वाजली होती. त्याने गाडी पुढे काढली. टपरीवरच्या म्हाताऱ्याने अक्काचा ट्रक ओळखून ग्लास विसळायला घेतला होता. तो ग्लास हातात धरून बघतच राहिला.

टपरी मागे पडली. पैलवानाने आरशात पाहिलं. मागे ट्रॉली अगदी जवळ आली होती. हलगीवाला तल्लीन झाला होता आणि दोन वेण्या घातलेली एक मुलगी ट्रॉलीच्या कडेला उभी राहून ट्रककडे बघून हात हलवत होती. पैलवानाने नकळत आरशाकडेच हात हलवला.

"आता वर खादाड वळणापाशी तेवढं थांबा," सरपंच म्हणाले. "नारळ फोडू. तिथं घाई नको. चार माणसांच्या जिवाचा प्रश्न असतो."

पैलवानाने त्यांच्या मांडीवरच्या नारळाकडे पाहिलं. मग समोरच्या चढाकडे.

"सरपंच, नारळाला वेळ आहे?"

"नारळाला नसून कसं चालेल?"

"मग दोरीला का नाही?"

सरपंच काही बोलायच्या आत पैलवानाने खिडकीतून हात काढून मागच्या ट्रॉलीला थांबायची खूण केली आणि ब्रेक दाबला. ट्रक थांबला. आणि मागून, केबिनच्या पाठीवर, एक आवाज आला. फार मोठा नव्हे. दार ठोठावल्यासारखा, टक्.

पैलवान खाली उतरला. सकाळी ज्या दोरीखाली बोट शिरत नव्हतं, तिच्याखाली आता त्याची अख्खी मूठ गेली. हादऱ्यांनी ओंडके खाली बसले होते, ओली साल दबली होती. एक पाचर तर केव्हाच गळून पडली होती. सगळ्यांत वरचा ओंडका दोरीच्या हिशेबाने मोकळाच होता. तो अजून वर होता, कारण अजून चढ लागला नव्हता.

ट्रॉली मागे थांबली. हलगी बंद पडली. सरपंच उतरून आले. त्यांनीही दोरीखाली हात घातला, हात बाहेर काढला आणि मागे ट्रॉलीकडे पाहिलं. तिथे त्यांची स्वतःची सूनही बसली होती.

"सुटली असती का हो?" त्यांनी विचारलं.

"सुटलेलीच आहे," पैलवान म्हणाला. "फक्त ओंडका पडायचा राहिलाय." त्याचा स्वतःचा आवाज कापत होता आणि त्याला त्याची लाज वाटली नाही. उलट छातीवरून कुणीतरी पाय काढून घ्यावा, तसं मोकळं वाटलं.

मग सगळेच कामाला लागले. कुणी पाचरी तासल्या, कुणी दोर ओढला. सनईवाला म्हणाला, "पैलवान, आमच्याही वाद्याला मधूनमधून सुरात आणावं लागतं. त्यात वाद्याचा अपमान नसतो." हलगीवाला म्हणाला, "तुझ्या वाद्याला आणूनही काही फरक पडत नाही." माणसं हसली. इतकी हसली, की दोघीतिघींनी डोळे पुसले. पैलवानाने पीळ दिला, टिचकी मारली. दोरी पुन्हा वाजली. ट्रॉलीला त्याने बरंच अंतर ठेवून यायला सांगितलं.

खादाड वळणावर मागचं चाक खड्ड्यात गेलं. ट्रक कलला. ओंडके कण्हले, दोऱ्या करकरल्या आणि पकड टिकली. ट्रक सरळ झाला. सरपंचांनी शेंदराच्या दगडांना हात जोडले, पण थांबा म्हणाले नाहीत. नारळ ओढ्याकाठी, नव्या साकवाच्या जागेवर फुटला. दोन वेण्यांच्या मुलीला खोबऱ्याचा सगळ्यात मोठा तुकडा मिळाला.

परत आल्यावर पैलवानाने ट्रकची किल्ली अक्कापुढे ठेवली.

"आधी टपरीवरून तसाच पुढं गेलो होतो, अक्का. मग थांबलो."

अक्काने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "चहा झाला?"

"दोरीचा झाला. माझा राहिला."

अक्काने किल्ली त्याच्याकडे परत सरकवली आणि आधण ठेवायला उठली.

तात्पर्य: बांधणाऱ्याचा हात कितीही बळकट असो, दोरी वाटेत दमतेच. आपलीच गाठ थांबून पुन्हा पाहण्यात कमीपणा नाही. कमीपणा आहे तो न पाहता पुढे जाण्यात आणि मागाहून वळणाला दोष देण्यात.