गूळचोर खवीस

"उद्या दुपारपर्यंत तो खवीस माझ्यासमोर हजर कर! नाहीतर बाडबिस्तरा उचल आणि गावाबाहेर चालता हो!"

राजेसाहेबांनी असं फर्मावलं आणि बिचाऱ्या भिवाजीवर आभाळच कोसळलं. भिवाजी हा हिंगणदरीच्या जुन्या मसणवट्याचा राखणदार. झालं होतं असं, की भैरोबाच्या जत्रेतल्या पुरणपोळ्यांसाठी राजेसाहेबांनी गाडीभर गूळ पाठवला. तो सरकारी कोठीत ठेवला, आणि रात्रीतून ढेपाच्या ढेपा गायब! कोठीच्या दारापासून थेट मसणवट्यातल्या ओढ्यापर्यंत फुफाट्यात पावलं उमटलेली. एकेक पाऊल सुपाएवढं! कोठी सांभाळणारा हैबती छाती पिटून सांगत होता, "खविसानं नेला हो, सरकार! मसणवट्यातल्या खविसानं!"

राजेसाहेब भारी हट्टी. त्यात जत्रेला हौसेनं आलेले आणि पोळीवाचून बसलेले! ते भिवाजीवर कडाडले, "खवीस झाला म्हणून काय झालं? माझ्याच मुलखात राहतो ना? मग तू राखण कसली करतोस?"

आता गंमत बघा. मसणवट्यात खवीस आहे, हे गावाला सांगितलं कुणी? भिवाजीनंच! चितेची लाकडं चोरीला जाऊ नयेत, पोरांनी पडक्या विहिरीत डोकावू नये, म्हणून हा पठ्ठ्या वर्षानुवर्षं पारावर बसून एकेक भूत सोडत होता. पिंपळावर मुंजा, विहिरीत हडळ आणि ओढ्याकाठी उलट्या पावलांचा खवीस! ऐकून बायाबापड्या पदराआड तोंड लपवायच्या आणि भिवाजीला आणखी चेव यायचा. आता "खवीस नाहीच" म्हणावं, तर ऐकणार कोण?

घरी येऊन त्यानं कपाळाला हात लावला. "ठके, माझीच भुतं माझ्या मानगुटीवर बसली गं! आता म्हातारपणी कुठं जाऊ?"

बापाच्या डोळ्यांतलं पाणी ठकूनं पदरानं पुसलं. भिवाजीची ही लेक रडत बसणाऱ्यातली नव्हती. उठली ती थेट कोठीच्या वाटेला लागली. पावलं न्याहाळत ओढ्यापर्यंत गेली, तशीच परत आली. बोटं कुणीकडं, टाचा कुणीकडं, सगळं नीट बघितलं आणि एकदम खुदकन हसली.

"आबा, खविसाची पावलं उलटी असतात, असंच सांगितलंत ना गावाला?"

"तर काय! बोटं मागं, टाचा पुढं. शेंबडं पोरसुद्धा सांगंल."

"मग निवांत भाकरी खावा. उद्या खवीस हजर करते!"

दुसऱ्या दिवशी जत्रेतले पाळणे ओस पडले आणि सगळं गाव ती पावलं चुकवून कोठीपुढं लोटलं. खवीस बघायला कोण येणार नाही? काहीजण तर मुठीत लिंबं आणि बिब्बे धरून उभे होते.

"कुठाय तुझ्या बापाचा खवीस?" राजेसाहेब गरजले.

"हाय की, सरकार! पण आधी हैबतीकाकांना जरा विचारू द्या." ठकू वळली. "काका, गूळ खविसानंच नेला ना?"

"म्हणजे काय! एवढाले पाय माणसाचे असतात होय?"

"आणि त्याची पावलं उलटी?"

"अगं, तुझाच बाप सांगतो की! साऱ्या मुलखाला ठाऊक आहे!"

"ऐकलंत, सरकार? आता ही पावलं बघा. बोटं ओढ्याकडं, टाचा कोठीकडं. माणूस असता तर म्हटलं असतं, कोठीतून निघाला आणि ओढ्याकडं गेला. पण खविसाचे पाय पडले उलटे! म्हणजे तो ओढ्याकडनं निघाला आणि कोठीत शिरला. बाहेर पडल्याचं एक तरी पाऊल दिसतंय का?"

सगळ्यांच्या माना खाली गेल्या. शोध शोध शोधलं, पण तसं एकही पाऊल नव्हतं.

"मग खवीस अजून कोठीतच हाय! आणि गूळही त्याच्यापाशीच!"

हैबतीची बोबडी वळली. "छे, छे! तो... तो उडून गेला असंल! भुतं उडतात!"

"गुळाच्या ढेपा घेऊन उडता येतं, तर मोकळ्या हातानं येताना पायपीट कशाला केली त्यानं?"

"मग... मग त्याचे पाय सरळच असतील!"

"सरळ पायांचा? मग तो खवीस कसला, काका? तो तर माणूस!"

गर्दीत खसखस पिकली. हैबती धावला आणि कोठीचं दार अडवून उभा राहिला. "आत नका जाऊ, सरकार! खवीस धरंल!"

"आत्ता उडून गेला म्हणालास ना रे?" राजेसाहेबांनी त्याला दंडाला धरून बाजूला सारलं.

शिपाई आत घुसले. भुशाच्या ढिगाखाली साऱ्या ढेपा जशाच्या तशा! आणि शेजारी चामडी वाद्या लावलेली दोन भली मोठी लाकडी पावलं. हैबतीनं लोटांगणच घातलं. "चुकलो, सरकार! जत्रा उलगल्यावर गूळ विकणार होतो. ही पावलं बांधून ओढ्यापर्यंत गेलो आणि पाण्यापाण्यानं लांबून परत आलो!"

राजेसाहेबांनी ती पावलं उलटसुलट करून बघितली आणि त्यांच्या मिशा थरथरल्या. "अरे गाढवा! भुताचं सोंग घेतलंस, आणि पाय माणसासारखेच बांधलेस?"

मग ते म्हणाले, "भिवाजी, तुला मसणवट्यातून कोण हलवतो तेच बघतो! आजची पहिली पोळी तुझ्या पानात. आणि ठकू, आजपासून या कोठीचा कारभार तुझा. या हैबतीनं मात्र वर्षभर मसणवट्यात तुझ्या आबाच्या हाताखाली राबायचं!"

"नको, नको, सरकार!" हैबती ओरडला. "तिथं खराखुरा खवीस आहे हो!"

भिवाजीला उगीचच खोकला आला.

ठकू म्हणाली, "बरंच झालं की, काका! आता त्याचे पाय जवळनं बघून घ्या. पुढच्या खेपेला चुकायला नको!"

राजेसाहेब इतके हसले, इतके हसले, की डोक्यावरची पगडी घरंगळून खांद्यावर आली. हसत हसतच त्यांनी कोठीच्या किल्ल्यांचा जुडगा ठकूच्या हातात ठेवला.