हणमंताने सांभाळलेलं हापीस

एका गावात एक भोळा गडी होता. नाव हणमंत. अंगानं पैलवान, मनानं साखर, आणि डोक्याचं काय विचारू नका.

त्या गावात दूध गार करायचं एक केंद्र होतं, बंद पडलेलं. ते वैजयंती मॅडमनी घेतलं आणि तिथं सॉफ्टवेअरचं हापीस थाटलं. मोठ्या खिडक्या, कुंड्या, पाठीला टेकू देणाऱ्या खुर्च्या. नऊ पोरंपोरी प्रोग्राम लिहायला. मॅडमचं म्हणणं एकच, जागा नीट असली की काम नीट होतं.

देखभालीला हणमंताला घेतलं, तीन महिने बोलीवर. इकडं त्याचं सुलभाशी लग्न ठरत आलेलं. तिचे वडील म्हणाले, "कायमची ऑर्डर दाखवा, मगच हळद." म्हणजे हणमंताचा सगळा जीव त्या एका कागदात!

पहिल्याच दिवशी मॅडम म्हणाल्या, "हणमंता, या पोरांच्या डोक्यात बारीक काम चालू असतं. आवाज झाला की सगळं विस्कटतं. वाजणारी वस्तू दिसली की लांब नेऊन ठेवायची."

"बरं मॅडम. ध्यानात ठेवतो."

आणि ठेवलं की! तेच तर वाईट झालं.

दुपारी मॅडमचा मोबाइल टेबलावर वाजला. हणमंतानं तो उचलला, रस्ता ओलांडला आणि शेजारच्या कडब्याच्या गंजीत खोल खुपसून आला. एक मोठं गिऱ्हाईक तासभर गंजीला फोन करत होतं.

"अरे देवा!" मॅडम म्हणाल्या. "वाजलं की उचलायचं आणि पळत माझ्या हातात आणून द्यायचं! मी कुठंही असले तरी!"

"बरं मॅडम. ध्यानात ठेवतो."

गुरुवारी कुणीतरी मायक्रोवेव्हमध्ये पोहे जाळले. छतावरचा धुराचा भोंगा बोंबलायला लागला. सगळे कानावर हात ठेवून बाहेर पळाले. हणमंत मात्र टेबलावर चढला, त्यानं भोंगा वायरीसकट उपटला आणि पळत सुटला. मॅडम बाथरूममध्ये होत्या. यानं दार वाजवून वाजवून त्यांना बाहेर काढलं आणि भोंगा हातात दिला.

"मॅडम, तुमचा."

भोंगा अजून बोंबलतच होता. त्याच्यावरून मॅडम बोंबलल्या, "अरे खुळ्या, हा वाजला म्हणजे धोका! धूर दिसला की मेन स्विच पाडायचा आणि माणसं मैदानात न्यायची! विचारत बसायचं नाही!"

"बरं मॅडम. ध्यानात ठेवतो."

पुढं दसरा आला. मॅडमनी कम्प्युटरची पूजा ठेवली. सगळ्या पडद्यांना झेंडूच्या माळा, माऊसला हळदीकुंकू. भटजींनी धूप पेटवला. छान धूर झाला. हणमंतानं धूर बघितला, मेन स्विच पाडला आणि एकेकाला हाताला धरून मैदानात नेऊन उभं केलं. भटजी येईनात, त्यांना पाटासकट उचललं. आत सेव्ह न केलेलं आठवड्याचं काम गेलं ते गेलंच. दोन पोरी रडायला लागल्या.

मॅडम आता ओरडल्या नाहीत. हळूच बोलल्या, आणि हणमंताला त्याचीच जास्त भीती वाटली.

"सोमवारी मुंबईहून सरपोतदार साहेब येणारेत. जागा आवडली तर दोन वर्षांचं काम देतील. त्या दिवशी तू काही म्हणजे काही करायचं नाही. कशाला हात लावायचा नाही. एका जागी बसायचं. काही बिघडलं तर मंगळवारपासून तू घरी."

हणमंताच्या डोळ्यापुढून हळद पुसली गेली. "बरं मॅडम," तो म्हणाला, "ध्यानात ठेवतो."

सोमवारी साहेब आले. कुंड्या बघितल्या, खुर्चीत बसून बघितलं. तेवढ्यात त्यांचा फोन आला. मॅडमनी मोठ्या ऐटीत नवीन काचेची खोली दाखवली. "इथं बोला साहेब. आतला आवाज बाहेर नाही, बाहेरचा आत नाही."

साहेब आत गेले. दार बंद झालं आणि आतली मूठ साहेबांच्या हातात आली. फोनची बॅटरीही त्याच वेळी संपली. समोर स्टुलावर हणमंत बसलेला.

साहेबांनी काच ठोकली. आवाज नाही. हात हलवले. हणमंतानंही हलवले. साहेबांनी हात जोडले. हणमंतानं वाकून नमस्कार केला. एवढा मोठा माणूस आणि किती प्रेमळ, त्याला वाटलं. मूठ तुटलेली त्याला दिसत होती हो! पण हात लावायचा नव्हता. शेवटी साहेब दमून खाली बसले आणि त्यांनी बॅगेतले कागद काढले.

साहेब महत्त्वाचं बोलतायत म्हणून मॅडम तिकडं फिरकल्या नाहीत. दोन तासांनी आल्या, दार उघडलं आणि तुटलेली मूठ खाली पडलेली बघितली.

साहेब घामाघूम बाहेर आले. पण चेहरा कसा, फुललेला! हातात कागदांचा गठ्ठा. "बाई, तीन महिने अडलेला आराखडा आत्ता पुरा झाला! ना फोन, ना कुणाची हाक. अहो, अशी जागा तुमच्या प्रत्येक माणसाला मिळाली पाहिजे!"

साहेबांनी तिथंच करारावर सही केली. आनंदाच्या भरात मॅडमनी हणमंताच्या ऑर्डरवर सही केली. तीन महिन्यांची अट गेली, गडी कायम झाला. कागद छातीशी धरून तो सुलभाच्या घरी पळाला. वडिलांनी दोनदा वाचला आणि तारीख धरली.

पण साहेब जे बोलले, तेही हणमंतानं ध्यानात ठेवलं होतं.

मंगळवारी दहा वाजता मॅडम आल्या. खिडकीतून छान वारा येत होता. कुंड्या टवटवीत. नऊच्या नऊ खुर्च्या रिकाम्या.

काचेच्या खोलीत मात्र मुंगी शिरायला जागा नव्हती. नऊ जण उभे, कुणाचं नाक काचेला चपटं, कुणाचा लॅपटॉप दुसऱ्याच्या डोक्यावर. काही चालत आले होते, काही उचलून आणावे लागले होते. सगळे जीव तोडून ओरडत होते आणि बाहेर अगदी शांत होतं.

"हणमंता!" मॅडम किंचाळल्या. "हे काय?"

हणमंतानं दाराला पाठ लावून जोर धरला होता. मॅडमना बघून तो मनापासून हसला.

"या मॅडम. सगळ्यांना पोटं आत घ्यायला सांगितलीत. तुम्ही मावाल."